लेक घरी येईपर्यंत : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

परदेशातल्या मुलीला दत्तक घेण्यासाठी दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणांची, संमती आली. आंतरदेशीय दत्तकासाठीच्या हेग कराराच्या कलम १७ मधली ही पायरी. मुलीच्या देशाचं प्राधिकरण आणि आमच्या देशाचं प्राधिकरण, दोघांनी 'पुढे जाऊ द्या' असं मान्य केल्याशिवाय मूल आमच्याकडे सोपवायचा निर्णयच कुणाला घेता येत नाही. आमची पात्रता, आमची तयारी, तिला आमच्या देशात येऊन कायमचं राहता येईल याची खात्री, हे सगळं त्याआधी तपासलेलं असावं लागतं. आजचं पत्र दिसायला चार ओळींचं, पण त्यामागे गृहभेटीपासूनचं सगळं आलं.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "झालं ना मग?" नाही झालं. तिच्या देशातल्या न्यायालयाचा आदेश, तो अंतिम होणं, मग दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं कलम २३ चं प्रमाणपत्र, नवा जन्मदाखला, पासपोर्ट, आमच्याकडच्या प्रवेशाची परवानगी आणि शेवटी प्रवास. आधीचा कागद हातात नसेल तर पुढच्या खिडकीवर अर्जच घेत नाहीत.

उशीर होतोय म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगतो, की हा करार १९९३ चा आहे आणि त्यातल्या पायऱ्या उगाच घातलेल्या नाहीत. मुलं पळवून, विकून, आईबापांची खोटी किंवा विकत घेतलेली संमती दाखवून परदेशी पाठवली गेली, म्हणून त्या आल्या. मूल स्वतःच्याच देशात कुणाकडे राहू शकतं का, हे आधी बघायचं, ही अट तर सगळ्यांत आधीची. आमच्या लेकीच्या अहवालात त्या शोधाची दोन पानं आहेत. ती पानं मी इतर कुठल्याही पानांपेक्षा जास्त वेळा वाचली.

नोंदी मी ठेवणार, फाइल बायको सांभाळणार. लेकीचं नाव इथे लिहायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय. ते कुणाला सांगायचं, हे ती मोठी झाल्यावर ठरवेल.

१९ जानेवारी

वकिलांशी बोलणं झालं. दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या.

एक, दत्तक पूर्ण की साधं? काही देशांत दत्तकानंतरही जन्मदात्या कुटुंबाशी कायद्याचं नातं काही प्रमाणात शिल्लक राहतं, काही देशांत ते संपतं. आपल्याकडे परतल्यावर नागरिकत्व आणि वारसाहक्क या दोन्ही बाबतींत हा फरक आडवा येऊ शकतो. आमचं पूर्ण दत्तक आहे, आणि आदेशात ते तशाच शब्दांत लिहिलेलं असेल.

दोन, आदेश येणं आणि आदेश अंतिम होणं या वेगळ्या तारखा आहेत. मध्ये अपिलाची मुदत असते. ती संपेपर्यंत तिकिटं काढायची नाहीत. तक्त्यात दोन रकाने केले.

२ फेब्रुवारी

बालरोगतज्ज्ञांकडे लेकीची वैद्यकीय फाइल घेऊन गेलो. ती सोबत नाही, फक्त कागद. त्यांनी उंची, वजन आणि डोक्याचा घेर जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांवर मांडला. एकेका तपासणीचा एकेक ठिपका. उंचीचे ठिपके खालच्या रेषेच्याही खाली, पण त्या रेषेला धरून चाललेले.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "अनाथालयासारख्या संस्थेत राहिलेल्या मुलांची उंची मागे पडतेच. साधारण तीन महिन्यांमागे एका महिन्याची वाढ जाते, असं आम्ही धरून चालतो. घरी आल्यावर बरीचशी भरून निघते. मी बघतेय ते हे." त्यांनी पेनाचं टोक डोक्याच्या घेराच्या रेषेवर ठेवलं. ती रेषा वर चढत होती. शेवटच्या दोन मोजण्यांत तर जरा जास्तच.

अहवालात लिहिलेल्या शब्दांवर त्यांचा फारसा भर नव्हता. 'सौम्य विकासविलंब' हे जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये असतं म्हणे. त्यापेक्षा व्हिडिओ मागवा, म्हणाल्या. ती जमिनीवरून उठते कशी, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते का, हाक मारल्यावर वळते का. साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल एवढं दिसलं तरी पुष्कळ कळतं.

घरी आल्यावरच्या तपासण्यांची यादी त्यांनी दिली: रक्तातलं लोह, शिसं, थायरॉइड, कावीळ ब आणि क, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोगाची चाचणी, शौचाची जंतांसाठी तपासणी, कान, डोळे, दात. यातल्या काही आधी तिकडे झालेल्या असल्या तरी इथे पुन्हा, आणि त्यांतल्या काही तीन ते सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा. लसीकरणाचं कार्ड नीट भरलेलं असलं तरी त्यावर विसंबायचं नाही. रक्तात प्रतिपिंडं तपासायची, नाहीतर सरळ पुन्हा लस द्यायची.

पण पहिल्याच आठवड्यात सुया नकोत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ताप, जुलाब, खोकला असं काही नसेल तर दोन-तीन आठवडे थांबायचं. आधी तिला आमची ओळख होऊ दे.

९ फेब्रुवारी

पहिला व्हिडिओ कॉल. करारात अशी अट आहे, की ठरावीक टप्पे पार होईपर्यंत मूल सांभाळणाऱ्या कुणाशीही होणाऱ्या पालकांनी संपर्क करायचा नाही. त्यामुळे आजपर्यंत फोटोच होते.

समोर सांभाळणाऱ्या मावशी होत्या, त्यांच्या मांडीवर ती. हातात दोन कानांचा निळा प्लास्टिकचा पेला, रिकामा. एक कान अर्धा तुटलेला. बोलणं चालू असताना ती सगळा वेळ त्या तुटक्या जागेवरून अंगठा फिरवत होती. आमच्याकडे तिने एकदाच बघितलं, तेही आमच्या थोरल्या मुलाने पडद्याजवळ तोंड नेऊन गाल फुगवले तेव्हा.

मावशी तिला कागदावरच्या नावाने हाक मारत नाहीत. दोन अक्षरांचं लाडाचं नाव आहे, आणि ती त्यालाच ओ देते. हे कुठल्याही अहवालात नव्हतं. बायकोने लगेच वहीत लिहिलं आणि दुभाषींना ते दोनदा म्हणायला लावलं, आघात कुठे येतो ते कळावं म्हणून.

पुढच्या वेळी विचारायचं: दिवसाचं वेळापत्रक, झोपताना काय लागतं, कशाला घाबरते, कुणाशी खेळते, रडली की तिला काय करून शांत करतात.

१५ फेब्रुवारी

वेळापत्रक आलं. संस्थेतल्या समाजसेविकेने हाताने लिहून पाठवलंय. उठणं, खाणं, बाहेर खेळणं, झोप, सगळं घड्याळाबरहुकूम. झोपायच्या खोलीत तिच्याशिवाय आणखी दहा-बारा मुलं. दिवा रात्रभर चालू. अंघोळ सगळ्यांची एकापाठोपाठ, उभ्याने, डोक्यावरून पाणी. टब तिने बघितलेला नाही. जेवण मऊ, चमच्याने, भराभर. घन पदार्थ चावून खायची सवय कमी.

म्हणजे ज्या मुलीने आजवर एक रात्रसुद्धा एकटीने काढलेली नाही, तिच्यासाठी आपण दार असलेली, अंधार करता येणारी, स्वतंत्र खोली तयार करतोय. आम्हाला दत्तकाआधीचं प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी हे सांगितलं होतं, पण वेळापत्रक समोर ठेवल्यावर ते अंगावर आलं. तिचा पलंग आमच्या खोलीत, आमच्या पलंगाला लागून. दिवा चालू. टब वर्षभर तरी नको, बादली आणि मग. जेवणाच्या वेळा तिच्या. आमच्या वेळा आम्ही बदलू.

बायकोचं म्हणणं, तिची खोलीही तयार असावी, हळूहळू ती तिकडे जाईल. माझं म्हणणं, खोली आत्ता आपल्यासाठी आहे, फोटो काढायला. थोडी खडाजंगी झाली. शेवटी खोलीत थोरल्याचा पसारा हलवला आणि विषय संपवला.

खेळण्यांचंही तेच. मावश्या, काकू, शेजारी, सगळ्यांनी पाठवलेली खेळणी माळ्यावर गेली. बाहेर फक्त ठोकळे, एक चेंडू, एक कापडी बाहुली आणि पाण्यात खेळायचे डबे. संस्थेत मुलांचं स्वतःचं असं काही नसतं. ढीगभर वस्तू समोर आल्या की काही मुलं भांबावून एकेक उचलून फेकत सुटतात, आणि मोठ्यांना वाटतं मूल नाठाळ आहे.

२३ फेब्रुवारी

आज वाचन. रोमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासाबद्दल ताईंनी लेख दिला होता. अनाथालयांतली १३६ लहान मुलं. चिठ्ठ्या टाकून निम्मी पालक-कुटुंबांत पाठवली, निम्मी होती तिथेच राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी, जिव्हाळ्याची नाती, सगळं सुधारलं. दोन वर्षांचं व्हायच्या आत जी गेली, त्यांचं सर्वांत जास्त.

आमची साडेतीनची. हे वाचून बायको गप्प झाली. संध्याकाळी ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, त्या अभ्यासात उशिरा गेलेल्यांचंही भलंच झालं, ते वाचलं नाहीत का? वयाचा आकडा धरून बसू नका. तिला तिकडे एक ठरलेल्या मावशी आहेत, हे तुमचं नशीब समजा. ज्या मुलाने एकदा कुणाला तरी जीव लावलाय, ते पुन्हा लावू शकतं."

म्हणून आता मावशींबरोबरचे कॉल वाढवायचे. त्यांच्यापासून ती तुटणार, हे टळणार नाही. पण आम्ही तिला मावशींच्या शेजारी दिसलेली माणसं असलो, तर फरक पडेल.

४ मार्च

न्यायालयाचा आदेश आला. आमच्या बाजूने. अपिलाची मुदत आजपासून.

पेढे वाटू का, असं आईने विचारलं. म्हटलं, जरा थांब.

७ मार्च

आदेशाची प्रत तपासताना आडनावात एक अक्षर वेगळं निघालं. आमच्या पासपोर्टवर एक, आदेशाच्या भाषांतरात दुसरं. मूळ आदेशात बरोबर आहे, भाषांतरकाराने उच्चाराप्रमाणे लिहिलं. ताई म्हणाल्या, हे नेहमीचं आहे, आणि हे आत्ताच सापडलं हे बरं. याच भाषांतरावरून जन्मदाखला, जन्मदाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा. एक अक्षर शेवटपर्यंत गेलं असतं तर विमानतळावर उभं राहून मूल कुणाचं ते सांगत बसावं लागलं असतं.

दुरुस्त प्रतीसाठी अर्ज गेला. तोवर बायकोने एका कागदावर पाच नावं ठसठशीत लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावली: तिचं, तिचं आधीचं पूर्ण नाव, आमची दोघांची, थोरल्याचं. जिथे जिथे नाव येईल तिथे अक्षर अन् अक्षर याच्याशी ताडून बघायचं. जन्मतारीखही. काही देशांत दिवस आधी, काहींत महिना आधी लिहितात, त्यामुळे महिना अक्षरी.

तिचं मूळ नाव पहिलं ठेवलंय. त्यापुढे आमचं. या बाबतीत घरात मतभेद झाले नाहीत, बाहेर झाले.

१० मार्च

आज सगळ्यात अवघड बैठक. दोन्हीकडचे आजी-आजोबा, माझी बहीण.

सांगायचं होतं ते हे: घरी आल्यावर पहिले काही आठवडे तिला भरवणं, अंघोळ, झोपवणं, रडल्यावर उचलणं, हे फक्त आम्ही दोघं करणार. बाकी कुणी तिला कडेवर घ्यायचं नाही. ती आपणहून आली, हात वर केले, तरी आमच्याकडे वळवायचं.

"आपणहून आली तरी?" आईचा चेहरा उतरला. "म्हणजे आजीनेच नको?"

बहीण म्हणाली, "अगं आई, ती येईलच. तिला सगळेच सारखे."

तिने बरोबर जागी बोट ठेवलं. संस्थेत पाळीवर माणसं बदलतात. आज ही मावशी, उद्या ती. अशा मुलांना कुणीही अनोळखी माणूस आला की धावत जाऊन चिकटायची सवय असते. पाहुण्यांना वाटतं, काय गोड, लगेच आली! पण ते गोड लक्षण नव्हे. भूक लागली, पडलं, घाबरलं तर नेमकं कुणाकडे जायचं हे त्या मुलाला माहीत नसतं, म्हणून ते सगळ्यांकडे जातं. आधी दोन माणसं पक्की व्हायला हवीत. मग आजी, आजोबा, आत्या, एकेक करून.

सासरे म्हणाले, "किती दिवस?" त्याचं उत्तर तारखेत देता येत नाही. ठेच लागल्यावर ती आम्हाला शोधायला लागली, की समजायचं.

आई बराच वेळ बोलली नाही. मग उठून पाणी प्यायली आणि म्हणाली, "मग मी काय करू ते सांग. नुसती बसून नाही राहणार मी." ही माझी आई. तिला थोरला दिला. त्याला शाळेत सोडणं, आणणं, अभ्यास, आणि आमचं दोघांचं जेवण. सासूबाई धुणं आणि बाजार बघणार. बहिणीकडे फोन: नातेवाइकांना कधी यायचं, कधी नाही, ते ती सांगेल. वाईटपणा तिने घ्यायचा ठरवला. आनंदाने घेतला, असं दिसलं.

सुगंधी तेल, अत्तर, कपड्यांचा मऊपणा वाढवणारं द्रावण, हे सगळं काही काळ बंद. तिला ओळखीचा वास यावा म्हणून तिकडे वापरतात तो साबण वापरायचा. हे ऐकल्यावर मात्र सासऱ्यांना हसू आलं.

१९ मार्च

दुरुस्त भाषांतर आलं. अक्षर बरोबर.

२५ मार्च

थोरला आठ वर्षांचा आहे. आत्तापर्यंत त्याने तिला गाल फुगवून दाखवणं, तिच्यासाठी चित्रं काढणं, वर्गात सांगणं, सगळं केलं. आज झोपताना विचारलं, "तिला आपण आवडलो नाही तर ती परत जाईल का?"

म्हटलं, "नाही. न्यायालयाने सांगितलंय, ती आपली."

"आणि आपल्याला ती आवडली नाही तर?"

बायकोने त्याला सरळ सांगितलं, की काही दिवस तुला ती मुळीच आवडणार नाही. ती तुझे ठोकळे पाडेल, रात्री ओरडेल, आणि आम्ही दोघं तिच्यामागे असू. तुला राग येईल. तो येऊन सांगायचा, तिच्यावर काढायचा नाही. त्याने विचार करून दोन वस्तू बाजूला काढल्या, ज्यांना तिने कधीच हात लावायचा नाही. त्या कपाटाच्या वरच्या खणात. मला हा करार योग्य वाटला.

३ एप्रिल

आदेश अंतिम. अपील नाही.

लगेच कलम २३ च्या प्रमाणपत्रासाठी अर्ज. दत्तक कराराप्रमाणे झालं, असं ज्या देशात ते झालं तिथलं सक्षम प्राधिकरण या कागदावर प्रमाणित करतं. दोन्ही प्राधिकरणांची संमती कोणी आणि कधी दिली, तेही त्यात लिहिलेलं असतं. करारातल्या शंभरावर देशांत मग ते दत्तक कायद्यानेच मान्य. पुन्हा कुठे खटला चालवायला नको. हा कागद पुढे आयुष्यभर लागणार. साक्षांकित प्रती जितक्या मिळतील तितक्या घ्यायच्या. नव्या जन्मदाखल्यावर ॲपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा अधिकृत शिक्का) करून घ्यायचं, म्हणजे इकडे वकिलातीच्या शिक्क्यांची साखळी लागत नाही.

१४ एप्रिल

प्रमाणपत्र आलं, जन्मदाखला आला. पासपोर्टच्या फोटोत ती रडवेली दिसतेय. डोळे उघडे, चेहरा सरळ, म्हणून चालला.

रजा: आधी बायको, मग मी, मधले काही आठवडे दोघंही. माझ्या साहेबांना आधी 'मूल तान्हं नाही, मग एवढी रजा कशाला' असं वाटत होतं. वाढीचा तक्ता दाखवायची वेळ आली नाही, नियमच पुरला.

१८ एप्रिल

आजचा दिवस मुळांच्या फाइलसाठी. मला या सगळ्या प्रकल्पात हेच काम सर्वांत निकडीचं वाटतं आणि बहुतेकांच्या यादीत ते शेवटी असतं.

कलम ३० प्रमाणे मुलाच्या मुळाची माहिती, आईवडिलांची ओळख, वैद्यकीय इतिहास जपून ठेवायची जबाबदारी त्या त्या देशाच्या प्राधिकरणांवर आहे. कायद्याच्या मर्यादेत मुलाला ती पुढे बघताही येते. पण तिथे जपलं जातं ते नोंदवहीतलं. मावशींच्या डोक्यात आहे ते कुठल्याच प्राधिकरणाकडे नाही. मावशी नोकरी सोडतील, संस्था बंद होईल, इमारत पाडली जाईल. पंधरा वर्षांनी लेक विचारेल तेव्हा आमच्याकडे काय असेल?

म्हणून प्रवासात विचारायच्या गोष्टी: संस्थेत आली त्या दिवशी अंगावर काय होतं, आणि ते कपडे आहेत का? नाव कोणी ठेवलं? लाडाचं नाव कुठून आलं? पहिलं पाऊल कोणी पाहिलं? भावंडं असल्याची काही कुणकुण? कोणत्या मुलाशी गट्टी? त्या मुलाचं पुढे काय होणार? खोली, पलंग, अंगण, फाटक, रस्ता यांचे फोटो (दुसऱ्या मुलांचे चेहरे न घेता, परवानगी घेऊन). मावशींचा आवाज रेकॉर्ड करायचा, झोपवताना गुणगुणतात तेही.

तिच्या जन्मदात्रीबद्दल जे कळेल ते तिचं. आधी तिला, वयाप्रमाणे. नातेवाइकांना नाही. बहिणीलाही हे सांगितलं, आणि ती रागावली नाही.

मावशींना काहीतरी द्यावं असं दोघांच्याही मनात आहे. ताईंनी स्पष्ट सांगितलं, पैसे नाहीत, महागडी वस्तू नाही. दत्तकातून कुणाला गैर लाभ होऊ नये, हे करारातच आहे, आणि आजच्या चांगल्या मनाच्या भेटीचा उद्या दर ठरतो. फोटोंचा अल्बम चालेल. दर वर्षी पत्र चालेल.

२७ एप्रिल

सामान. कपडे तिच्या मापाने, पण वयाच्या आकड्यावर जायचं नाही. संस्थेने उंची आणि पावलाची लांबी पाठवलीय. बूट मऊ. पुठ्ठ्याची पुस्तकं. थोरल्याच्या फोटोंचं पातळसं पुस्तक, ज्यात आमची तिघांची तोंडं, घराचं दार, तिचा पलंग. त्याची एक प्रत मावशींकडे आधीच गेलीय, आणि त्या रोज दाखवतात म्हणे.

कागद सगळे हातातल्या बॅगेत. मूळ प्रती बायकोकडे, साक्षांकित संच माझ्याकडे, स्कॅन दोघांच्या फोनमध्ये.

तिची चादर मागितलीय. नवी देऊन जुनी घ्यायची आणि धुवायची नाही. आणि तो निळा पेला. संस्थेने विचारलं, तो तुटलाय, नवा देऊ का? नको, तोच.

आम्ही पाठ केलेली तिच्या भाषेतली वाक्यं: दुखतंय का, शू आली का, अजून हवंय का, मी इथेच आहे, आत्ता येतो. शेवटची दोन सगळ्यांत जास्त वेळा घोकली. ती भाषा ती लवकरच विसरेल; ऐकायला मिळाली नाही तर काही महिन्यांतच मुलांची जुनी भाषा मागे पडते. मावशींची रेकॉर्डिंग घरी लावत राहायची.

६ मे

तिच्या शहरात. सकाळी संस्थेत.

मावशींनी तिला हाताला धरून आणलं. ती रडली नाही, जवळही आली नाही. बायको जमिनीवर बसली, थोडी तिरपी, तिच्याकडे थेट न बघता. ठोकळे काढले. बऱ्याच वेळाने एक ठोकळा सरकत आला. मग पुन्हा काही नाही.

मूल हळूहळू सोपवायचं, असं ठरलंय: आज मावशी पूर्ण वेळ सोबत, उद्या अर्धा वेळ, मग बाहेर फेरी, मग रात्र आमच्याकडे. हवं तर एखादा दिवस वाढवायचा. मूल सुरक्षितपणे आणि योग्य परिस्थितीत सोपवलं जावं, एवढंच करार म्हणतो. पण ते नीट करायला वेळ द्यावा लागतो, आणि इथली संस्था तो देतेय.

९ मे

काल पहिली रात्र. दिवा चालू, पलंग चिकटून. झोपायच्या आधी तिने खिशातून भाकरीचा तुकडा काढून उशीखाली ठेवला. आम्ही बघितलं नाही असं केलं. पुढे खाण्याची एक लहानशी टोपली तिच्या हाताला येईल अशी ठेवायची. लपवून ठेवायची गरज तिला वाटेनाशी होईपर्यंत ती रिकामी होऊ द्यायची नाही.

मध्यरात्री उठून बसली, आवाज न करता. रडलं की कुणी येतं हे तिला ठाऊक नसावं. बायकोने लाडाच्या नावाने हाक मारली आणि "मी इथेच आहे" म्हटलं. उच्चार बरा जमला असावा. ती आडवी झाली.

१२ मे

मावशींचा निरोप. त्यांनीच तिला समजावून सांगितलं, आमच्यासमोर, की तू यांच्याबरोबर जायचं, मी चिडलेली नाही, मी तुझी आठवण काढत राहीन. दुभाषी मध्येच थांबल्या. लेक खूप रडली, मावशींच्या पायाला धरून. ताईंनी आधीच बजावलं होतं, की रडली तर थांबवायला जाऊ नका. तिला रडायला कारण आहे.

मुळांच्या फाइलमधले बहुतेक प्रश्न सुटले. नाव रात्रपाळीच्या एका परिचारिकेने ठेवलं होतं. अंगावरचं दुपटं अजून आहे. ते मिळालं, पिशवीत बंद करून.

१४ मे

व्हिसा लागला. नाव, तारीख, आडनावाचं अक्षर, सगळं बघितलं, बायकोने पुन्हा बघितलं.

उद्याचं विमान सकाळचं. उड्डाण आणि उतरताना कान दुखू नयेत म्हणून पेल्यात पाणी भरून तयार ठेवायचं. विमानतळावर फक्त बहीण येईल, गाडी घेऊन. थोरला आजीजवळ घरी थांबेल. फुगे, फुलं, कॅमेरे नकोत, हे बहिणीने सगळ्यांना दोनदा सांगितलंय.

राहिलेलं: डॉक्टरांची वेळ पक्की करणं, नागरिकत्वाची नोंद, विम्यात नाव, दत्तकानंतरच्या पहिल्या अहवालाची तारीख. दुपट्याची पिशवी मुख्य सामानात नको, कागदांबरोबर हातातल्या बॅगेत. आदेशाच्या दोन साक्षांकित प्रती अजून संस्थेच्या कार्यालयात आहेत. संध्याकाळी पाचच्या आत जाऊन घ्यायच्या.